शाफ्टवरची खूण

त्या दिवशी सकाळी फोरमननी आपली जुनी जीप शिंपीणबाईंच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या पुतळ्यावर घातली, आणि खाली उतरून पुतळ्याची माफी मागितली.

शिंपीणबाईंनी हे सगळं दुकानाच्या आतून, तोंडात टाचण्या धरून पाहिलं. टाचण्यांमुळे त्यांना ओरडता आलं नाही. पुतळा अंगातल्या अर्धवट शिवलेल्या झग्यासकट आडवा झाला होता. फोरमन लगबगीने उतरले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "माफ करा बाई. फार लागलं का?" पुतळा काही बोलला नाही. शिंप्यांच्या पुतळ्याला मानेच्या वर काही नसतं, तसं यालाही नव्हतं. फोरमन वाकले, त्याला उठवायला त्यांनी हात घातला, आणि मग बराच वेळ चाकाखाली, रस्त्यावर काहीतरी चाचपडत राहिले. नंतर टोपी घालून गाडीत बसले आणि घरी गेले.

दुपारी जेवताना ते मुलीला एवढंच म्हणाले की कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई फार मानी दिसतात, माणूस दोन शब्द बोलला तर उत्तर देत नाहीत. मुलीच्या हातातला घास हातातच राहिला. शिंपीणबाई नुकत्याच दारात येऊन, काखेतला मोडका पुतळा दाखवून गेल्या होत्या, आणि त्या तरी भरपूर बोलल्या होत्या.

या मुलीला घरात बारकी म्हणत. लहानपणी ती इतकी किडकिडीत होती, की दगडखाणीच्या वर्कशॉपमध्ये फोरमनना स्वतःचा हात जात नसेल तिथे ते तिचा हात घालायचे. आता तिच्या केसात पांढरं दिसायला लागलं होतं आणि ती दारातून जरा तिरकी होऊन जायची, पण नाव चिकटलं ते चिकटलं. कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती दात बसवायचं काम करायची. तिचा नवरा ग्रंथपाल होता. आयुष्यभर लोकांना 'हळू बोला' म्हणून सांगता सांगता त्याचा स्वतःचा आवाज इतका बसला होता, की त्याने जेवताना मीठ मागितलं तर ते जेवण संपल्यावर मिळायचं. आई गेल्यापासून फोरमन या दोघांकडे राहत होते. म्हणजे घर फोरमनचंच होतं, पण राहत ते यांच्याकडे होते.

बारकी दुसऱ्या दिवशी वडिलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटीच गेली. फोरमन वर्षापूर्वी तिथून आले तेव्हा 'डॉक्टर म्हणाले, चष्मा नीट पुसत जा' असं सांगून मोकळे झाले होते. डॉक्टर चष्म्याचं काहीच बोलले नव्हते. नजरेच्या मधोमध एक डाग आहे आणि तो वाढत जाणार, असं त्यांनी सांगितलं होतं. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं दिसणार नाही. यावर ऑपरेशन नाही आणि औषधही नाही. गाडी तर त्याच दिवशी बंद करायला सांगितली होती.

बारकीला तेव्हा बऱ्याच गोष्टी उमगल्या. बाबा गेलं वर्षभर सगळ्यांकडे मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. सासऱ्यांना आपला कसला तरी संशय आहे असं तिच्या नवऱ्याने मनाला लावून घेतलं होतं, आणि काही केलेलं नसताना तो घरात अपराध्यासारखा वावरत होता. बाबांना आपला चेहराच दिसत नाही हे कळल्यावर त्या बिचाऱ्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

आता प्रश्न एवढाच होता की फोरमनना हे सांगायचं कोणी. आज पुतळा होता. उद्या त्या जागी खुद्द शिंपीणबाई उभ्या असतील, किंवा शाळेत निघालेलं एखादं पोर. पण ज्या माणसाने पस्तीस वर्षं खाणीतली प्रत्येक गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय रस्त्यावर सोडली नाही, त्याला 'तुम्ही आता गाडी चालवू नका' असं तोंडावर म्हणायची छाती दोघांतही नव्हती. बारकीने दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ती चहात साखर किती इथवर येऊन थांबली.

मग त्यांनी चावी लपवली. फोरमननी ती तांदळाच्या डब्यातून काढली आणि डबा पुन्हा नीट लावून ठेवला. त्यांनी बॅटरीची तार काढली. ती फोरमननी दातही न घासता जोडली आणि जावयाला सांगितलं, की चोर होता, पण अगदी नवखा होता, नट उलटा फिरवून गेला. त्यांनी टाकीतलं डिझेल काढलं, तर फोरमन कॅन घेऊन पायी निघाले. रस्ता ओलांडताना दोन गाड्यांनी करकचून ब्रेक लावले. ते पाहून बारकीनेच धावत जाऊन, काढलेलं डिझेल परत ओतलं. रोज सकाळी जीप फाटकाबाहेर पडायची आणि ती परत येईपर्यंत बारकीच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. बंद पडलेल्या खाणीपर्यंत जायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचं, हा फोरमनचा रोजचा नेम होता. आई असताना तीही बरोबर जायची.

शेवटी बारकीला वडिलांचाच एक नियम आठवला. कंप असलेली गाडी रस्त्यावर न्यायची नाही, असा तो नियम होता. फार पूर्वी एका डंपरच्या चालकाने गाडी थरथरतेय म्हणून तक्रार केली, आणि कोणीतरी त्याला 'आज चालव, उद्या बघू' म्हणालं. उतारावर शाफ्ट सुटला आणि डंपर खाणीत गेला. त्या चालकाला आणायला फोरमन स्वतः खाली उतरले होते. त्या दिवसापासून आजाराचं मूळ सापडेपर्यंत थरथरती गाडी वर्कशॉपच्या दाराबाहेर गेली नाही, मग मालक डोक्यावर येऊन बसो. हे सगळ्या खाणीला माहीत होतं.

आणि गाडीत कंप कसा आणायचा हेही बारकीला माहीत होतं, कारण तो कसा येऊ द्यायचा नाही हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. जीपच्या पोटाखालून गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब शाफ्ट जातो. तो दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात दातांवर सरकून बसतो, आणि दोन्ही टोकांना एकेक क्रॉस, म्हणजे फिरता सांधा, असतो. हे दोन क्रॉस एका रेषेत असले तर एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो आणि गाडी गुमान चालते. तुकडे जोडताना एक दात जरी चुकला, तरी दोघे दोन दिशांना ओढायला लागतात. म्हणून शाफ्ट उघडण्याआधी छिन्नीने दोन्ही तुकड्यांवर मिळून एक खूण मारायची, आणि बसवताना ती खूण जुळवायची. बारकी नऊ वर्षांची असताना बाबांनी तिचा अंगठा धरून त्या खुणेवरून फिरवला होता. कवळीतसुद्धा असंच असतं. एक दात जागचा हलला, की माणूस जेवताना आयुष्याला वैतागतो.

रविवारी दुपारी फोरमन झोपले. नवऱ्याला खिडकीशी उभं केलं होतं. सासरे उठले तर त्याने खोकायचं, असं ठरलं होतं. बारकी पाना घेऊन जीपखाली गेली. चार नट काढले, शाफ्ट ओढला, एक दात फिरवला, पुन्हा बसवला. हाताला सगळं आठवत होतं. फक्त बाहेर येताना ती अडकली. लहानपणी ज्या जागेतून ती सुळकन जायची, ती जागा जीपने आता कमी केली होती. नवऱ्याने येऊन तिचे पाय ओढले, आणि धुळीने त्याला खरोखरच खोकला आला. आतून फोरमननी विचारलं, "जावईबापू, सर्दी झाली का?"

दुसऱ्या दिवशी जीप गेली आणि पाच-सात मिनिटांत बैलगाडीच्या चालीने परत आली. फोरमनचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी गाडी झाडाखाली लावली, जरा वेळ तिच्याखाली आडवे झाले, मग घरात येऊन चावी बारकीच्या हातात ठेवली.

"कंप आहे," ते म्हणाले. "चाळीसच्या वर गेलं की सुरू होतो. मूळ सापडेपर्यंत गाडी बंद."

त्या दिवशी बारकीने दोन घास जास्त खाल्ले. नवरा तर जेवताना गुणगुणला, अर्थात ते कोणाला ऐकू गेलं नाही. बाबांना काही बोलावं लागलं नव्हतं, काही तोडलं नव्हतं, आणि शिंपीणबाईंचा नवा पुतळा बाहेर सुरक्षित उभा होता. हे सुख दोन दिवस टिकलं.

बारकी एक गोष्ट विसरली होती. गाडी रस्त्यावर न्यायची नाही हा नियमाचा अर्धा भाग होता. मूळ शोधल्याशिवाय सोडायचं नाही हा दुसरा अर्धा. आणि चाळीसच्या वर येणारा कंप शोधायचा, तर गाडी चाळीसच्या वर न्यावी लागते. तिसऱ्या दिवशी सकाळी फोरमन अंगात जुना खाकी डगला चढवून चावी मागायला उभे राहिले. "रिकाम्या रस्त्यावर साठने नेतो आणि ऐकतो," म्हणाले. बारकीने चावी मुठीत धरून ठेवली. आधी ते निदान हळू चालवायचे.

"तुम्ही ऐकणार की चालवणार?" ती कशीबशी म्हणाली. "एका वेळी दोन्ही नीट नाही व्हायचं. चालवू दे ना यांना."

अशा रीतीने ग्रंथपालाच्या हातात जीप आली. परवाना त्याच्याकडे होता, पण तो त्याने पुस्तकात खूण म्हणून ठेवला होता आणि ते पुस्तकही आता आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी तो रिकाम्या रस्त्यावर, घाम पुसत, सुकाणूला मिठी मारून बसला. फोरमन मागे गाडीच्या तळावर पालथे झोपून, पत्र्याला कान लावून होते. ते ओरडायचे, "किती?" हा पुटपुटायचा, "तीस." त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून ते म्हणायचे, "वाढवा." पुन्हा "किती?", पुन्हा न ऐकू येणारं "चाळीस", पुन्हा "वाढवा." असं करता करता नवरा साठवर गेला. आयुष्यात प्रथमच गेला, आणि घरी आल्यावर बराच वेळ बाथरूममधून बाहेर आला नाही.

मग खरी शोधाशोध सुरू झाली. फोरमनची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून पाहायची, मग पुढची. आधी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे. कंप तसाच. मग त्यांचा खाणीपासूनचा मित्र टायरवाला येऊन चाकांचं बॅलन्सिंग करून गेला. हा एरवी बडबड्या माणूस, पण या वेळी बारकीची नजर चुकवून, चहाही न घेता निघून गेला. कंप तसाच. मग ब्रेकचे ड्रम उतरले, मग इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं निघाली, मग गिअरबॉक्स खाली आला. प्रत्येक वेळी चाचणी झाली, आणि प्रत्येक चाचणीला जावई गेला.

घराची पार रया गेली. जेवायच्या टेबलावर ड्रम होते, त्यामुळे सगळे ताट मांडीवर घेऊन जेवायला लागले. बादल्यांत रॉकेल, रॉकेलात बेअरिंगं. आईच्या रिकाम्या पलंगावर जुनी चादर टाकून गिअरबॉक्स निजवला होता आणि रात्री धूळ बसू नये म्हणून फोरमन त्याच्यावर पांघरूण घालायचे. भेटायला आलेल्या एका आत्याने दारातून तो पलंग पाहिला, कोण आजारी आहे म्हणून हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डोळे पुसले.

आणि या सगळ्यात फोरमनना दिसत नव्हतं. ते हाताने चाचपून नट ओळखायचे. बोटांना रोज नवी जखम असायची. बारकी कामावर कवळीत दात बसवताना दात उलटे बसवायला लागली. वडिलांना रस्त्यावरून हटवून आपण त्यांना टनभर लोखंडाखाली नेऊन झोपवलं, हे तिला आता स्पष्ट दिसत होतं.

तिला एक आशा होती. आज ना उद्या बाबा शाफ्ट उघडतील, खूण हललेली पाहतील, तिला बोलावून चार शिव्या देतील आणि हे संपेल. एका सकाळी त्यांनी शाफ्ट खरंच उघडला. ती दारात उभी राहिली, ओरडा खायची तयारी करून. फोरमननी दोन्ही टोकांचे क्रॉस काढले, नवे कोरे बसवले, भरपूर ग्रीस भरलं, आणि शाफ्ट पुन्हा जसा होता तसा, एक दात चुकलेला, बसवून टाकला. खुणेकडे त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

बारकी आत गेली आणि मोरीचा नळ सोडून रडली. जो माणूस खुणेशिवाय डब्याचं झाकणही लावत नसे, त्याला आता स्वतःच्या छिन्नीची खूण दिसत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेलं तिने ऐकलं होतं, पण पटलं ते त्या दिवशी.

दोन दिवसांनी जॅक निसटला. फोरमननी तो फरशीच्या कडेवर लावला होता. मधलं दिसत नव्हतं आणि कडेचं दिसलं असेल तर चुकीच्या बाजूचं. जीपचा मागचा भाग खाली आला तो त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर. ते बाहेर आले, कपडे झटकले, म्हणाले, "फरशी ठिसूळ आहे."  बारकीने ठरवलं की आता पुरे. उद्या ते गाडीखाली मेलेले सापडण्यापेक्षा गाडी बरी होऊ दे, मग पाय धरून, रडून, काय वाटेल ते करून सांगू.

दुसऱ्या दिवशी फोरमन टायरवाल्याकडे गेले असताना ती गाडीखाली गेली आणि खुणेला खूण जुळवून बाहेर आली. या वेळी अडकली नाही. महिनाभरात तिचं अन्नच तेवढं कमी झालं होतं.

संध्याकाळी चाचणी झाली. बारकीही बसली. नवऱ्याने साठवर नेली, पासष्टवर नेली. जीप तळ्यातल्या होडीसारखी गेली. नवऱ्याच्या चेहऱ्यावर महिन्यानंतर प्रथमच रक्त आलं आणि तो चक्क ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "बाबा, गेला कंप."

मागून पत्र्यावर दोनदा टकटक झाली. मग फोरमन म्हणाले, "आहे."

"अहो, पण हाताला काहीच..."

"जावईबापू, कान माझा लागलाय पत्र्याला. आहे अजून. चला घरी."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाण्याआधी नवऱ्याने हौसेने एक फेरी मारली आणि तो पांढराफटक होऊन परत आला. जीप थरथरत होती, तीही पूर्वीपेक्षा जास्त. आरसा गळून त्याच्या मांडीत पडला होता. बारकीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं. तू केलंस का, असं दोघांनी एकाच वेळी विचारलं. नंतर दोघे गप्प झाले, कारण घरात तिसरं माणूस एकच होतं.

ती अंगणात गेली तेव्हा फोरमनचे पाय जीपखालून बाहेर आले होते. ती खाली बसली आणि वाकून पाहिलं. फोरमन डोळे मिटून पडले होते. उजव्या हाताचा अंगठा शाफ्टवरून हळूहळू फिरत होता. तो एका जागी थांबला. पुढे दोन दात मोजून दुसऱ्या जागी थांबला.

"कोण, बारकी?" डोळे न उघडता ते म्हणाले. "ये आत. आणि येताना मोठा पाना घे."

ती आत सरकली आणि त्यांच्या शेजारी पाठीवर पडली. वर सगळं काळं लोखंड होतं आणि ग्रीसचा तोच लहानपणचा वास होता. पाना तिने दोघांच्या मध्ये ठेवला. मग म्हणाली, "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. गाडीखाली शिरलो, अंगठा फिरवला, खूण तुटलेली. चोर काही शाफ्ट फिरवून जात नाही. आणि तुझा नवरा शाफ्ट कशाला म्हणतात ते पुस्तकात बघेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गाडी बरी झाली असती," फोरमन म्हणाले. "गाडी बरी झाली असती तर चालवावी लागली असती."

बारकीच्या डोळ्यांतून पाणी कानांत जायला लागलं. गाडीखाली पडून रडणं फार गैरसोयीचं असतं. पुसायला हात वर येत नाही.

मग फोरमननी सगळं सांगितलं, लोखंडाकडे तोंड करून. चावी लपवली नसती तर त्यांनी तेव्हाच गाडी सोडली असती. पण लपवलेली चावी सापडली नाही असं झालं असतं, तर म्हाताऱ्याला आता चावीही दिसत नाही असं घर म्हणालं असतं, म्हणून त्यांनी ती शोधली. मग सापडल्यावर गाडी बाहेर काढणं आलं. तो आठवडाभर ते खाणीवर गेलेच नव्हते. कोपऱ्यावर टायरवाल्याच्या दुकानामागे जीप लावून बसायचे, चहा प्यायचे आणि वेळ झाली की परत यायचे. टायरवाल्याला शपथ घातली होती. कोपऱ्यापर्यंतच्या चालीला कंप जेमतेम जाणवला होता, चाळीसचा आकडा त्यांनी अनुभवावरून सांगितला होता. आणि नवे क्रॉस बसवले ते जावयासाठी. चुकलेल्या दातावर जुने क्रॉस तुटायला वेळ लागत नाही.

"आणि तो पुतळा?" बारकीने विचारलं. "तुम्हाला खरंच वाटलं का, त्या बाई आहेत?"

फोरमनचा अंगठा शाफ्टवर थांबला.

"वाटलं," ते म्हणाले. "खाली पडल्या, बोलेनात. म्हटलं उठवावं. मानेखाली हात घालायला गेलो तर डोकं नाही." ते थांबले. "बारके, मला वाटलं मी डोकं उडवलं. मी ते शोधायला लागलो. रस्त्यावर, चाकाखाली, हाताने. मग तिच्या अंगाला हात लावला तर कापूस लागला. तेवढ्या वेळात मी म्हातारा झालो, बघ. त्याआधी नव्हतो."

बारकीने त्यांचा ग्रीसचा हात धरला. 

थोड्या वेळाने फोरमनच म्हणाले, "एक दात कमी पडतो हं. तुझ्या नवऱ्याला सवय झालीय त्याची. म्हणून मी आज पहाटे दोन फिरवले होते. पण परवा त्याचा हात निसटला तर? तो डंपरवाला मी अजून विसरलो नाही. चल, खुणेवर आण."

"मग कंप जाईल."

"जाऊ दे. मी म्हणेन आहे. मी आहे म्हटल्यावर नाही म्हणणार कोण या घरात?"

दोघांनी मिळून शाफ्ट ओढला. फोरमननी अंगठ्याने दाखवलं, बारकीने फिरवला, पाना आवळला. मग दोघे अडकले, आणि नवऱ्याने येऊन आधी तिचे आणि मग सासऱ्यांचे पाय ओढले.

गिअरबॉक्स आणि ड्रम गाडीत कधीच गेले होते. आता आईच्या पलंगावरची ती जुनी चादरही बारकीने धुवून टाकली. जेवायचं टेबलही घासून-पुसून मोकळं झालं. जीप मात्र आजतागायत आजारी आहे. फोरमन ती चालवत नाहीत, कंप असलेली गाडी ते चालवत नाहीत हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि शिंपीणबाईसुद्धा येता-जाता विचारतात, सापडलं का हो मूळ. दर रविवारी चाचणी होते. रस्ता मोकळा मिळावा म्हणून ती खाणीपर्यंत न्यावी लागते, आणि इतक्या लांब जायचं म्हणून थर्मास घ्यावा लागतो. फोरमन हल्ली मागे पालथे झोपत नाहीत. पुढे बसतात, आईच्या जागेवर, काचेवर कान टेकून.

गाडीखाली काय ठरलं, हे नवऱ्याला त्या दोघांनी सांगितलेलं नाही. कळलं तर त्याला चेहरा लपवता येणार नाही, असं बारकीचं म्हणणं पडलं. तो बिचारा गेले कित्येक रविवार चांगली ठणठणीत गाडी चालवतो, आणि सासरे "आहे" म्हणाले की मान डोलावतो.

गेल्या रविवारी खाणीवरून परत येताना फोरमन बराच वेळ गप्प होते. उन्हं उतरली होती, आणि कडेची झाडं तेवढी त्यांना दिसत असावीत. 'आहे' म्हणायचं ते विसरले, किंवा त्यांना म्हणावंसं वाटलं नाही. मागे बसलेली बारकी वाट बघत राहिली. तिला एकदम भीती वाटली, की आज बाबा खरं बोलून टाकणार.

नवऱ्याने आरशातून एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, आणि वेग जरा कमी केला.

"बाबा," तो म्हणाला, चांगला ऐकू जाईल असा, "आज जरा जास्तच आहे, नाही?"

फोरमननी मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आहे थोडा," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू."